लिहिलेला छंद : पृष्ठध्वनितरंगांची गाळणी आणि आंदोलक

१

कुंभकोणम् व त्याच्या पंचक्रोशीत ‘फिल्टर’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनासमोर प्रथम पितळेचे एक दुमजली भांडे उभे राहते. त्याच्या वरच्या खणातील सच्छिद्र तळातून कॉफीचा अर्क थेंबाथेंबाने खाली उतरतो व चोथा वर राहतो. तमिळ भाषेत या साधनास ‘वडिकट्टि’ म्हणतात. आणि विद्युत्‌मंडलातील फिल्टरलाही तमिळ परिभाषेने तोच शब्द दिला आहे. मराठीतील ‘गाळणी’, ‘छानक’ हे शब्द त्याच जातीचे होत. मुळात युरोपीय भाषांतील हा शब्दही लॅटिनमधील ‘फिल्ट्रम्’ म्हणजे लोकरीचा नमदा या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. नमद्यातून द्रव गाळला जाई. पुढे विद्युत्-प्रवाहांतून हव्या त्या कंप्रतेचा प्रवाह निवडणाऱ्या मंडलास तेच नाव मिळाले. याचा अर्थ असा की, एक रूपक तीन भाषांत जसेच्या तसे उतरले, आणि ते योग्य आहे किंवा नाही हे तपासण्याची गरज कोणास भासली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय एक विशिष्ट प्रकारची विद्युत्-गाळणी व तिचाच सख्खा भाऊ शोभेल असा आंदोलक हा आहे. दोन्ही उपकरणे घनपदार्थाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनितरंगांवर चालतात. आज ज्याच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, त्याच्या खिशात अशा गाळण्या आहेतच. परंतु त्यांचे कार्य गाळण्याच्या रूपकाने कळत नाही, उलट झाकले जाते. ते कळण्यास साहित्याच्या अभ्यासकाजवळ एक अधिक चांगले साधन पूर्वीपासून आहे, ते म्हणजे छंदःशास्त्र. हे विधान केवळ अलंकारिक नाही. ते आकड्यांनी तपासून पाहता येते, आणि तसे ते पुढे तपासले आहे.

उदाहरणांसाठी कुंभकोणमच्या पूर्वेस काही मैलांवर असलेले तिरुनागेश्वरम् हे क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवले आहे. नागनाथस्वामी व ओप्पिलियप्पन् अशी शैव व वैष्णव दोन्ही पंथांची प्रसिद्ध देवालये येथे आहेत. ‘पेरियपुराणम्’कर्ते सेक्किळार यांची या स्थळावर एवढी भक्ती होती की, त्यांनी आपल्या कुन्रत्तूर या गावी नागेश्वराचे दुसरे मंदिर उभारले. ही सर्व भूमी १६७६ ते १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासाशी निगडित होती, आणि मराठी वाङ्मयाची एक स्वतंत्र शाखा येथे वाढली. प्रस्तुत विषयास मात्र या परिसरातील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे देवळात पूजेच्या वेळी वाजणारे नागस्वर होय. त्याचा विचार आंदोलकाच्या विवेचनात येईल.

२

प्रथम तरंगाची ओळख करून घेऊ. कुंभकोणमच्या पश्चिमेस दारासुरम् येथे बाराव्या शतकातील ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. तेथील बलिपीठाच्या दगडी पायऱ्यांवर आघात केला असता निरनिराळे स्वर निघतात, हे प्रवाशांना परिचित आहे. तेथे कंप पावते ती संपूर्ण पायरी; तिची लांबी, जाडी व घट्टपणा यांवर तिचा स्वर ठरतो. मनगटी घड्याळातील क्वार्ट्‌झचा चिमटाही याच जातीचा. तो सबंध तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. यास ‘सर्वांग-कंपन’ म्हणता येईल.

आपल्याला हवा असलेला तरंग याहून वेगळा आहे. तो पदार्थाच्या अंतरंगात शिरत नाही. पृष्ठभागाला धरूनच पुढे जातो. अशा तरंगाचे गणित लॉर्ड रॅली या इंग्रज भौतिकीविज्ञाने १८८५ मध्ये मांडले. ध्वनिशास्त्रावरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८७७-७८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. रॅली यांनी दाखविले की, घन पदार्थाच्या मोकळ्या पृष्ठावर असा तरंग संभवतो की ज्यात पृष्ठावरील कण लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतात, आणि सुमारे एका तरंगलांबीइतक्या खोलीवर त्याचे अस्तित्व जवळजवळ संपते. भूकंपात या तरंगांचा मोठा भाग असावा, असे अनुमानही त्यांनी त्याच लेखात केले होते, आणि ते पुढे खरे ठरले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला व ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला झालेल्या भूकंपांसारख्या उथळ भूकंपांतून निघून भूकंपमापकांपर्यंत पोचणाऱ्या तरंगांत या ‘रॅली तरंगां’चाही समावेश असतो.

भूपृष्ठावर त्यांचा वेग सेकंदाला साधारण तीन किलोमीटर असतो. क्वार्ट्‌झच्या स्फटिकाच्या पृष्ठावरही असाच तरंग सेकंदाला सुमारे ३.१६ किलोमीटर वेगाने धावतो. म्हणजे गावे उद्‌ध्वस्त करणारा तरंग आणि नखाएवढ्या स्फटिकावरून जाणारा तरंग हे कुळाने एक आणि वेगानेही जवळपास समान आहेत. फरक आकारमानाचा. भूकंपाच्या तरंगाची लांबी किलोमीटरांत मोजावी लागते. स्फटिकावरील तरंगाची लांबी मिलिमीटरच्या शेकडाव्या-हजाराव्या भागांत मोजावी लागते, आणि त्याची उंची तर एका नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते.

३

भूकंप घडविण्यास पृथ्वीला मोठे कष्ट पडतात. स्फटिकावर मात्र तरंग उठविणे सोपे आहे. १८८० मध्ये झाक व प्येअर क्यूरी या बंधूंना आढळले की, क्वार्ट्‌झसारखे काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्-भार प्रकट होतो. याची उलट बाजूही लवकरच सिद्ध झाली. अशा स्फटिकास विद्युत्-दाब लावला की तो किंचित आक्रसतो वा प्रसरतो. या गुणधर्मास दाबविद्युत् म्हणतात. म्हणजे हा स्फटिक एक प्रकारचा द्विभाषी होय. विजेची भाषा तो हालचालीत आणि हालचालीची भाषा विजेत उतरवितो.

परंतु पृष्ठतरंगासाठी स्फटिकाच्या सर्वांगाला नव्हे, पृष्ठावरील ठराविक जागांनाच ठराविक क्रमाने ताण द्यावयास हवा. ही युक्ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत काम करणाऱ्या व्हाइट व व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये मांडली. स्फटिकाच्या घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर देऊन त्यातून दोन फण्यांची आकृती कोरावयाची. एका फणीचे दात दुसरीच्या दातांमधील पोकळ्यांत येतात, पण एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. या दोन फण्यांना उलटसुलट होणारा विद्युत्-दाब जोडला की शेजारशेजारच्या दातांमधील स्फटिक आळीपाळीने ताणला व आवळला जातो, आणि पृष्ठावर तरंग सुटतो. काही मिलिमीटरांवर तशाच फण्यांची दुसरी जोडी असते. तरंग तेथे पोचला की ती त्याचे पुन्हा विजेत भाषांतर करते.

विजेचे तरंगात व तरंगाचे पुन्हा विजेत रूपांतर करण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मंदगतीत आहे. विद्युत्-चुंबकीय तरंग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर जातो. पृष्ठध्वनितरंग त्याच्या सुमारे एक लक्षांश वेगाने जातो. एखादा संदेश सेकंदाच्या दशलक्षांश भागापुरता थांबवून धरावयाचा असेल, तर विद्युत्-चुंबकीय तरंगाला मोकळ्या अवकाशात ३०० मीटर अंतर द्यावे लागेल. क्वार्ट्‌झच्या पृष्ठावर त्यास ३ मिलिमीटर पुरतात. वेग मंदावल्यामुळे तरंगलांबीही त्याच प्रमाणात आखूड होते. मोटारगाडीच्या दूरनियंत्रक किल्लीत वापरल्या जाणाऱ्या ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेची हवेतील तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर आहे. क्वार्ट्‌झच्या पृष्ठावर ती साधारण ७.३ मायक्रोमीटर भरते, आणि फणीचा एक दात तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे १.८ मायक्रोमीटर रुंद ठेवावा लागतो. अवकाशात हातभर पसरलेली लहर अशा रीतीने सूक्ष्म अक्षरांत उतरून घेता येते. या अक्षरांची रचना हाच पुढचा विषय.

४

छापील पानावर कवितेचा चरण अवकाशात पसरलेला असतो. पठन सुरू झाले की तो काळात उलगडतो. अवकाशातील अंतरे काळातील अंतरांत बदलावयाची, तर वाचणारा एकसारख्या गतीने पुढे सरकला पाहिजे. स्फटिकावर कोरलेली फणी हा असाच लिहिलेला चरण आहे, आणि त्यावरून समगतीने जाणारा तरंग हा त्याचा वाचक आहे. दातांमधील अंतर म्हणजे काळातील मात्रा. मग एखादी फणी एका कंप्रतेला प्रतिसाद देते व दुसरीला देत नाही, याचे कारण काय?

भुजंगप्रयात हे वृत्त घेऊ. समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’मुळे ते घरोघरी पोचले, आणि तंजावर येथे रामदासी मठ स्थापन झाल्यामुळे या दक्षिण प्रांतातही ते रुजले. त्याच्या चरणात लघु-गुरु-गुरु असा य-गण चार वेळा येतो. एका गणाच्या पाच मात्रा, चरणाच्या वीस. आता अशी फणी कल्पावी की जिला चार दात आहेत आणि ते अनुक्रमे ०, ५, १० व १५ व्या मात्रेवर आहेत. तिच्याखालून दर पाच मात्रांनी उचंबळणारा तरंग गेला, तर चारही दातांखाली तो एकाच स्थितीत असेल. एका दाताखाली शिखर असेल तेव्हा चारही दातांखाली शिखर. चौघांचे साहाय्य एकाच दिशेने होऊन बेरीज चार होते.

आता दर चार मात्रांनी उचंबळणारा तरंग त्याच फणीखालून सोडू. पहिल्या दाताखाली तो आवर्तनाच्या आरंभी आहे. पाच मात्रांवरील दुसऱ्या दाताखाली सव्वा आवर्तन झालेले असते, म्हणजे तो पाव आवर्तन पुढे सरकलेला आहे. तिसऱ्याखाली अर्धे, चौथ्याखाली पाऊण. यांची बेरीज कशी करावयाची? एखादा मनुष्य एक पाऊल पूर्वेस, तेवढेच दुसरे दक्षिणेस, तिसरे पश्चिमेस व चौथे उत्तरेस टाकतो, असे समजावे. चार पावलांनंतर तो मूळ जागीच उभा असतो. चार मात्रांच्या चालीला पाच मात्रांच्या फणीचा प्रतिसाद नेमका शून्य येतो. आवर्तनातील स्थितीस शास्त्रात ‘कला’ म्हणतात. चंद्राच्या कलांवरून घेतलेला हा शब्द येथे सार्थ आहे.

या उदाहरणातून गाळणीच्या रूपकातील दोष स्पष्ट होतो. कॉफीच्या भांड्यात चोथा छिद्रापाशी अडविला जातो, आणि त्याचा निर्णय एका छिद्रापाशी एका क्षणात लागतो. फणीचा एकही दात कोणास अडवीत नाही. नको असलेली कंप्रता प्रत्येक दाताखालून विनाविरोध जाते, पण तिचे निरनिराळ्या दातांवरील परिणाम परस्परांना मारून टाकतात. निर्णय कोणत्याही एका जागी होत नाही. तो सर्व चरण ऐकल्यानंतर होतो. एका गणावरून वृत्त ओळखता येत नाही, हे छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

ही गोष्ट आणखी पुढे नेऊ. साडेचार मात्रांची चाल पाच मात्रांच्या अधिक जवळची आहे. आपल्या चार दातांच्या फणीवर तिची बेरीज चारपैकी सुमारे २.९ येते. म्हणजे या आखूड चरणाला दोहोंतील भेद नीटसा कळत नाही. दात नऊ केले तर प्रत्येक दाताला कला ४० अंशांनी पुढे सरकते, नऊ दातांत ३६० अंशांचे वर्तुळ पुरे होते आणि बेरीज शून्यावर येते. यातून सामान्य नियम निघतो. शंभर आवर्तनांची फणी एक टक्क्याने चुकलेल्या कंप्रतेस पूर्णपणे नाकारते. सूक्ष्म भेद ओळखावयाचा असेल तर लांब चरण हवा, आणि लांब चरण ऐकण्यास वेळ हवा. कितीही कुशल रचनाकार असला तरी तत्काळ निर्णय व सूक्ष्म विवेक ही दोन्ही एकाच वेळी त्याच्या हाती लागत नाहीत. हा निसर्गाचाच नियम आहे.

प्रत्यक्ष उपकरणात एका आवर्तनाला दोन दात लागतात, प्रत्येक फणीचा एक. शिवाय सर्व दात समान वजनाचे ठेवीत नाहीत. दोन फण्यांचे दात एकमेकांत किती खोल शिरले आहेत, यावर त्या ठिकाणच्या आघाताचे बळ अवलंबून असते. सर्व दात सारखे ठेवून फणी दोन्ही टोकांना एकदम तोडली, तर ती नको असलेल्या काही कंप्रतांनाही थोडीथोडी साद देते. मध्यभागी दात अधिक गुंतवून कडेकडेला ते आखूड करीत नेले म्हणजे हा दोष बराच कमी होतो. कोणत्या कंप्रता किती प्रमाणात जाव्यात हे आधी ठरवून त्यावरून दातांचा आराखडा काढण्याचे गणित फ्रेंच गणितज्ञ फूर्ये यांच्या १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथातून आलेल्या पद्धतीचे आहे. त्या आराखड्याची आकृती व उपकरणाचा काळातील प्रतिसाद ही एकमेकांची प्रतिबिंबे होत. अशा गाळणीस एकच टिचकीसारखा विद्युत्-आघात दिला, तर दुसऱ्या टोकाशी जो संदेश उमटतो त्यात मूळ फणीचा आकारच काळात उलगडलेला दिसतो.

याचा पहिला मोठा लोकोपयोग दूरचित्रवाणी संचात झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, मद्रास केंद्र १९७५ मध्ये, आणि १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या पद्धतीच्या संचात आलेले प्रक्षेपण प्रथम एका ठराविक मध्यम कंप्रतेवर आणीत. चित्र ३८.९ मेगाहर्ट्‌झवर व ध्वनी ३३.४ मेगाहर्ट्‌झवर. शेजारच्या दोन वाहिन्यांचे अवशेष ३१.९ व ४०.४ मेगाहर्ट्‌झवर डोकावत. ते वगळून मधला पट्टा अविकृत ठेवणे हे गाळणीचे काम. पूर्वी यासाठी तारांच्या अनेक वेटोळ्यांची साखळी असे, आणि कारखान्यात प्रत्येक वेटोळ्याचा गाभा पेचकसाने फिरवून संच एकेक करून जुळवावा लागे. पृष्ठतरंगाच्या गाळणीने ही खटपट संपविली. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर या कंप्रतेची तरंगलांबी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे सर्व रचना लहानशा धातूच्या डबीत मावली, आणि आकृती प्रकाशाने छापली जात असल्यामुळे प्रत्येक प्रत सारखी निघू लागली. हाताने उतरविलेली पोथी आणि छापील ग्रंथ यांत जो भेद, तोच येथे पडला. १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना चालविणाऱ्या दुसऱ्या सरफोजी राजांना तो समजावून सांगावा लागला नसता.

५

गाळणी आलेल्यातून निवड करते. आंदोलक स्वतः एक कंप्रता निर्माण करून ती टिकवून धरतो. त्याची कल्पना येण्यासाठी नागस्वराकडे वळू. तिरुनागेश्वरम् ज्या रेल्वेमार्गावर आहे, त्याच कुंभकोणम्–मयिलाडुतुरै मार्गावर नरसिंगम्‌पेट्टै हे नागस्वर घडविणाऱ्या कारागिरांचे गाव लागते. तेथील नागस्वरास २०२२ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नागस्वर ‘आच्चा’ नावाच्या लाकडाचे करतात. हा वृक्ष म्हणजेच आपला अंजन. ‘तिमिरी’ हा प्रकार आखूड व चढ्या स्वराचा, ‘बारी’ लांब व खालच्या स्वराचा.

नागस्वराच्या तोंडाशी बोरूवर्गीय गवताची दुहेरी पत्ती असते. तिला ‘सीवाळि’ म्हणतात. नुसती पत्ती फुंकली तर केवळ चिरका आवाज निघतो. ती नळीला जोडली की नळीतील हवेचा तरंग टोकापर्यंत जाऊन परततो आणि परतताना पत्तीला उघडण्याचा वा मिटण्याचा इशारा देतो. हा इशारा योग्य क्षणी आला तर पत्ती फुंकीतील आणखी थोडी शक्ती तरंगात सोडते. अवेळी आला तर तरंग विझतो. म्हणून तीन गोष्टी आवश्यक ठरतात. शक्ती पुरविणारा श्वास, कंप्रता ठरविणारी नळी, आणि परत आलेल्या तरंगाने समेवर येणे.

विद्युत्-आंदोलकात श्वासाची जागा ट्रान्झिस्टरचा विवर्धक घेतो आणि नळीची जागा स्फटिकाचे पृष्ठ. पृष्ठाच्या मध्यभागी फण्या व दोन्ही बाजूंस शेकडो बारीक रेघांच्या ओळी असतात. एक रेघ तरंगाचा अगदी अल्प अंश परत पाठविते. परंतु रेघा अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने असल्यामुळे त्या त्या कंप्रतेसाठी सर्व रेघांची प्रतिध्वने एकाच कलेत परततात, आणि शेकडो रेघा मिळून आरसा बनतो. दोन आरशांमध्ये तरंग कोंडला जातो. फणीतून निघालेला क्षीण संदेश विवर्धक मोठा करून पुन्हा फणीलाच देतो. सुरुवातीस कोणी स्वर लावून द्यावा लागत नाही. प्रत्येक विद्युत्‌मंडलात उष्णतेमुळे सर्व कंप्रतांची अस्फुट कुजबूज चालूच असते. तिच्यातील जी कंप्रता फेरी पुरी करून समेवर येते तीच फेरीगणिक वाढत जाते, बाकीच्या मावळतात. आणि विवर्धकाची मर्यादा आली की वाढ थांबून स्थिर स्वर उरतो. म्हणजे आंदोलकाच्या पोटात गाळणीच आहे. स्वतःचेच ऐकून स्वतःला सुरात ठेवणारी ती गाळणी होय.

स्वर टिकविण्यातील अडचणही दोन्हीकडे एकच. हवा एक अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दहा अंशांनी तापल्यास वाद्याचा स्वर साधारण पावणेदोन टक्के चढेल. ८१/८० या गुणोत्तराने सांगितली जाणारी प्रमाणश्रुती सव्वा टक्क्याची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कसलेल्या कानाला हा फरक केवढा वाटेल ते कळते. स्फटिकातही तापमानाने वेग बदलतो, परंतु तो किती बदलावा हे स्फटिक कोणत्या कोनात कापला यावर अवलंबून असते. क्वार्ट्‌झचा एक विशेष छेद असा आहे की, खोलीच्या तापमानाच्या आसपास त्याची कंप्रता जवळजवळ स्थिर राहते. दहा अंशांच्या फरकाने दहा लाखांत सुमारे तीन एवढाच बदल होतो. लिथियम नायोबेटमध्ये तोच बदल दहा लाखांत सात-आठशेच्या घरात जातो. मात्र विजेचे हालचालीत भाषांतर लिथियम नायोबेट पुष्कळच जोमाने करतो. म्हणून स्थिर स्वराच्या आंदोलकाला क्वार्ट्‌झ आणि रुंद पट्ट्याच्या गाळणीला लिथियम नायोबेट, अशी वाटणी पडली. एक भाषांतरकार मितभाषी व विश्वासू, दुसरा प्रभावी पण लहरी. दोघांचाही उपयोग आहे.

दूरचित्रवाणीचे ते संच आता मागे पडले. परंतु आजच्या भ्रमणध्वनीत अनेक पट्ट्यांवर एकाच वेळी बोलावे-ऐकावे लागत असल्यामुळे गाळण्यांची संख्या डझनांत गेली आहे. दोन हजार मेगाहर्ट्‌झच्या सुमारास फणीचा दात अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत बारीक होतो. त्याहून फार वरच्या कंप्रतांना पृष्ठतरंग अपुरे पडू लागतात, आणि तेथे पातळ पापुद्र्याच्या सर्वांग-कंपनावर चालणाऱ्या गाळण्या वापरतात. दारासुरमच्या पायरीचे तत्त्व अशा रीतीने दुसऱ्या टोकाने परत येते.

६

छंदाच्या उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. लघु व गुरु अशा दोनच मापांनी वृत्त चालते. दातांचे वजन अखंडपणे कमीअधिक करता येते. तसेच कवितेचा आनंद पुष्कळदा वृत्ताच्या पालनात नसून पालन व स्खलन यांमधील तणावात असतो. पठन करणारा एखाद्या शब्दावर रेंगाळतो आणि ऐकणाऱ्यास ते अर्थपूर्ण वाटते. फणीला यातले काही ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने रेंगाळणे म्हणजे केवळ चूक. म्हणून गाळणी हा छंद आहे, ती काव्य नव्हे. आणि या विवेचनातून काव्याचे गणित मांडता येईल, असा अर्थ कोणी काढू नये.

परंतु उलट दिशेने पाहिले तर या उपमेचे महत्त्व कमी होत नाही. आपल्या भाषांत विज्ञान आणण्याचा उद्योग बहुधा शब्दांच्या याद्या करण्यापाशी सुरू होतो व तेथेच थांबतो. ‘कंप्रता’, ‘विवर्धक’, ‘दाबविद्युत्’ हे शब्द चांगले आहेत आणि या लेखात ते निःसंकोच वापरले आहेत. परंतु पारिभाषिक शब्द हा दरवाजावरील पाटीसारखा असतो. आत जाण्याचा रस्ता त्याने होत नाही. ‘गाळणी’ ही पाटी तर वाचकाला चुकीच्या दारापाशी नेते, आणि तमिळ वाचकाला ‘वडिकट्टि’ तेच करते. शब्द बदलण्याचा आग्रह येथे नाही. रूढ शब्द रूढच राहतील. त्यांच्यामागे भाषेत आधीच साठवलेली कोणती समज उभी करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

या प्रांतात त्याचे एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. दुसरे सरफोजी (१७९८-१८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचून त्यात जगाचा नवा भूगोल आणला. तमिळ कुरवंजी नाट्यात डोंगरातील कुरव स्त्री भविष्य सांगावयास येते आणि आपल्या पर्वताचे, आपण पाहिलेल्या देशांचे वर्णन करते. हा त्या प्रकाराचा संकेतच आहे. सरफोजींनी त्या संकेतात बदल केला नाही. वर्णनाचा प्रदेश तेवढा वाढविला. भूगोल सांगण्याची जागा त्या नाट्यप्रकारात अगोदरच होती, म्हणून युरोपातून आलेले ज्ञान परके न वाटता तेथे बसले. तमिळ रूप, मराठी भाषा व युरोपीय विषय यांचा हा संयोग तौलनिक अभ्यासकांना एरवीही लक्षणीय वाटतो. परंतु त्यातील पद्धत ही आजही घेण्याजोगी गोष्ट आहे. नव्या ज्ञानाला आपल्या परंपरेत कोणती जागा आधीपासून मोकळी आहे, हे शोधणे ती पद्धत होय.

पृष्ठध्वनितरंगांसाठी ती जागा मात्रा, गण, आवर्तन आणि सम या शब्दांत आहे. त्यांच्यामागे शतकानुशतकांची कमावलेली श्रवणशक्ती उभी आहे. पाच मात्रांच्या चालीत चार मात्रांची चाल मिसळली तर काय बिघडते, हे ज्याला कानाने कळते त्याला फणीचे गणित निम्मे आलेलेच आहे. उरलेले निम्मे सांगण्याचे काम विज्ञानाच्या प्राध्यापकांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाने अलिप्त राहावे, असे मानण्याचे कारण नाही. छंदाचा जाणकार तोच आहे. आणि छंद आता केवळ पोथीत व कंठात राहिलेला नाही, तो स्फटिकावरही लिहिला जात आहे.